प्राडोची चाकं बाहेर सरकवली तेव्हा

दोह्यात आमची जुनी प्राडो आहे. हिवाळ्यात सुट्टी मिळाली की सीलाइनहून खोर अल अदैदच्या वाळूत जातो. टेकडीच्या उतारावर गाडी आडवी चालली की एका अंगाला कलते. पोटात गोळा येतो. चाकांमधलं अंतर वाढवलं तर गाडी घट्ट बसेल, असं मित्रांकडून ऐकलं आणि सनैय्यातल्या, म्हणजे इंडस्ट्रियल एरियातल्या, गॅरेजात प्रत्येक चाकामागे 30 मिलिमीटरचे स्पेसर बसवले.

फरक पडला. वळणावर झुलणं थोडं कमी झालं, गाडी रुबाबदार दिसू लागली, मुलगा खूश. पण मूळ अंतर सुमारे 1585 मिलिमीटर. त्यात 60 वाढले, म्हणजे जेमतेम चार टक्के.

त्रास मात्र त्याहून मोठा निघाला. चाक आपल्या वळण्याच्या अक्षापासून लांब गेलं, त्यामुळे एका बाजूला मऊ वाळू लागली की स्टिअरिंग हाताला हिसका देई. टायर मडगार्डबाहेर डोकावत होते, दारांवर खडे उडत. पूर्ण वळवलं की आतलं प्लास्टिक घासे. पुढे एका चाकातून घूंऽऽ असा आवाज सुरू झाला. बेअरिंग गेलं होतं. तेही जुनंच, म्हणून सगळा दोष स्पेसरला देणार नाही, पण चाक बाहेर गेलं की बेअरिंगवर ताण वाढतो हे खरं. शिवाय इस्तिमारा, म्हणजे गाडीची नोंदणी, नव्याने करायची वेळ आली होती. असे टायर घेऊन फाहेस केंद्रात तपासणीला जाऊ नका, असं मल्याळी मेकॅनिकने बजावलं. शेवटी स्पेसर काढून टाकले.

उपयोग झाला तो साध्या गोष्टींचा. छतावरच्या कॅरिअरवरचे पाण्याचे कॅन आणि तंबू खाली, सीटमागे ठेवले. कलणं कमी करायला हे स्पेसरइतकंच कामी आलं, तेही फुकट. वाळूत टायरची हवा 35 वरून 15 पीएसआयवर आणतो. तेवढ्या हवेत एकदम वळू नये, टायर रिमवरून निसटू शकतो. डांबरी रस्ता लागण्याआधी हवा पुन्हा भरावी. आणि टेकडीवर सरळ चढावं, सरळ उतरावं.

तरीही स्पेसर लावायचेच असतील तर हबवर नेमके बसणारेच घ्या. प्राडोला मधलं छिद्र 106.1 मिलिमीटरचं लागतं. स्पेसरचे नट टॉर्क रेंचने आवळा, आणि शंभरेक किलोमीटरनंतर चाकं काढून ते पुन्हा तपासा.