ओकवृक्षांच्या छायेतील मैदान

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात, पॅसाडेना शहराजवळ, सॅन गॅब्रिएल पर्वताच्या पायथ्याशी हाहामोंग्ना उद्यान आहे. येथील ओक ग्रोव्ह हे डिस्क गोल्फचे पहिले कायमस्वरूपी मैदान मानले जाते. एड हेड्रिक यांनी ते १९७५ साली आखले. प्लास्टिकची चकती कमीत कमी फेकींत लक्ष्यापर्यंत पोहोचवणे, एवढाच हा खेळ. आरंभी लक्ष्य म्हणून साधे खांब होते. चकती खांबास लागली की नाही, यावरून वाद होत. पुढे हेड्रिक यांनी साखळ्यांची टोपली योजली. चकती टोपलीत विसावली की वाद संपतो.

आपल्या परिसरातील उत्तम मैदान शोधणाऱ्याने केवळ अंतराचे आकडे पाहू नयेत. फेकीच्या जागेवरून पुढील वाट स्पष्ट दिसते का, वृक्ष व उतार यांचा विचारपूर्वक उपयोग केला आहे का, आणि मुख्य म्हणजे लोकांची पायवाट चकतीच्या मार्गात येते का, हे आधी चालून पाहावे. अशी अनेक मैदाने सार्वजनिक उद्यानांत असून तेथे प्रवेशशुल्क नसते. मात्र एखादे वृद्ध जोडपे वा खेळणारे बालक समोर आले, तर हातातील चकती हातातच थांबवावी लागते. हा संयम जेथे सहज पाळला जातो, ते मैदान निःशंकपणे निवडावे.