मारणाऱ्यानेच ओढावे

आमच्या वडिलांनी वयाच्या ६८ व्या वर्षी पुन्हा शिकारीला जायचे ठरवले. गाव चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोरा तालुक्यात. वीज मंडळातल्या नोकरीनंतर मिळालेल्या पैशांतून त्यांनी तिथे चार एकर शेत घेतले. आमच्या कुळात सातबाऱ्यावर नाव लागलेले ते पहिलेच. त्या शेतातली तूर आणि हरभरा रात्री रोही येऊन तुडवतात. शेजारच्या शेतकऱ्याकडे पीकसंरक्षणाचा बंदूक परवाना आहे, वनखात्याची परवानगीही त्याने मिळवली. पण त्याला माग काढता येत नाही. आमच्या वडिलांना येतो. एवढ्यासाठीच त्यांना बोलावणे आले होते.

माग काढणे ते आजोबांकडून शिकले. त्या काळी गावची शिकार ही सामुदायिक गोष्ट असे. एका बाजूला वाघुरी लावायच्या, दुसऱ्या बाजूने हाका घालायचा, आणि बिथरलेले चितळ किंवा रानडुक्कर जाळ्याकडे वळवायचे. काट्याकुट्यांतून हाका घालायला आमच्या वस्तीतले लोक, वाघुरीपाशी दुसरे. वाटणीतही हाच क्रम उलटा लागे. वडील सांगतात, मांसाचे वाटे पडताना आजोबा सर्वांत मागे उभे राहत आणि हाती यायचे ते मान आणि खूर. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला, तेव्हा वडील सोळा वर्षांचे होते. शिकार थांबली याचे आजोबांना दुःख झाले नाही. मागे उभे राहणे संपले, इतकेच ते म्हणाले, असे घरात सांगतात.

रोही म्हणजे खरे तर हरीण नव्हे. दरवर्षी शिंगे गाळणारी चितळ-सांबर ही सारंग कुळातली; काळवीट, चिंकारा आणि रोही कुरंग कुळातले, त्यांची शिंगे कायमची. पुरा वाढलेला रोही नर दोनशे किलोंच्या वर भरतो. त्याचा कळप एका रात्रीत हरभऱ्याचे काय करतो, हे सकाळी बांधावर उभे राहिल्याशिवाय कळत नाही. उत्तरेत त्याला नीलगाय म्हणतात आणि त्या नावातल्या गायीमुळे बंदूक उचलायला लोक कचरतात. आमच्याकडे तो रोहीच, त्यामुळे हा अडसर नाही. महाराष्ट्र शासनाने २०१५ साली रोही आणि रानडुक्कर यांच्या बाबतीत, पिकाचे नुकसान होत असेल तर परवानगीने मारण्याची वाट मोकळी केली. पुढच्याच वर्षी अशा परवानग्यांवरून मनेका गांधी आणि प्रकाश जावडेकर हे केंद्रातले दोन मंत्री जाहीरपणे एकमेकांविरुद्ध बोलले, आणि त्या वादात चंद्रपुरात मारलेल्या रानडुकरांचाही उल्लेख झाला. दिल्लीत भांडण झाले. बांधावरची परिस्थिती होती तशीच राहिली.

आम्ही ऊद मेथात राहतो. मेट्रो स्थानकापासून चालत दहा मिनिटांवर घर, मुलीची शाळा जवळ, दिवसभर संगणकासमोर बसायचे काम. रविवारी कुणा एकाच्या घरी वंदनेला पाच-सहा कुटुंबे जमतात. वडिलांचा बेत आम्ही तिथे सांगितला आणि वंदनेनंतरचा चहा बराच लांबला. पहिले शील आणि बावीस प्रतिज्ञांतली तेरावी, सर्व प्राणिमात्रांवर दया करण्याची, दोन्ही एकाच वेळी पुढे आली. एका ताईंनी सारनाथची आठवण दिली: पहिले धम्मप्रवचन झाले तेच मुळी मृगदावात, म्हणजे हरणांच्या वनात, धम्मचक्राच्या दोन्ही बाजूंना हरणे बसलेली दाखवतात ती त्यामुळेच. एका काकांचे म्हणणे वेगळे होते. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत भेद केला आहे. अहिंसा हे तत्त्व आहे, डोळे मिटून पाळायचा नियम नव्हे. पोटचे पीक राखणे ही गरज नव्हे काय, असा त्यांचा प्रश्न.

आमचा विरोध होता आणि काही अंशी तो अजून आहे. माग काढणाऱ्याला एक आनंद असतो. खूर किती खोल रुतला, लेंड्या ओल्या की वाळलेल्या, कळपात पिले आहेत की नाहीत, हे सांगताना वडिलांचा आवाज बदलतो. गरज कुठे संपते आणि हा आनंद कुठे सुरू होतो, हे त्यांना तरी ठरवता येईल काय, अशी शंका आम्हांला येते. मात्र ही शंका काढणारे आम्ही शुक्रवारी दुकानातून साफ केलेले, पिशवीत बांधलेले मटण आणतो. आपल्यासाठी मारताना पाहिले नाही, ऐकले नाही, तशी शंकाही नाही, अशा मांसाची मुभा विनयात भिक्खूंना आहे. परदेशात राहणाऱ्यांची सगळी थाळीच न पाहिलेली आणि न ऐकलेली असते. शिवाय ज्या देशात आम्ही राहतो, त्याच्या राजधानीच्या नावातच हरीण आहे; अबू धाबी म्हणजे हरणांचा बाप. याच अरबी वाळवंटातला पांढरा ओरिक्स बंदुका आणि मोटारी आल्यावर १९७२ पर्यंत रानातून संपला. प्राणिसंग्रहालयांत वाचलेल्या थोड्यांपासून पैदास करून १९८२ साली तो ओमानात पुन्हा सोडावा लागला. दुबईबाहेरच्या राखीव वाळवंटात आम्ही मुलीला तो दाखवला आहे. रोहीची संख्या तशी घटलेली नाही, हेही तितकेच खरे.

हे सगळे आम्ही वडिलांना सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, “तुमचं बरोबर हाये. पण तूर तुमच्या दुबईत नाही उगवत.” आणि ते गेले.

पौषातल्या एका रात्री माळ्यावर जागल करून पहाटे एक नर पडला. माग वडिलांचा, गोळी शेजाऱ्याची. मेलेले वन्य जनावर कायद्याने सरकारी मालमत्ता. ते खाता येत नाही, विकता येत नाही. वनरक्षकासमोर पंचनामा करून पुरायचे असते. उजाडल्यावर पाच-सात जण जमले. दोनशे किलोंचे धूड बांधावरून खड्ड्यापर्यंत कोण नेणार, हा प्रश्न निघाला आणि कुणीतरी सहज, अगदी सहज, वडिलांकडे पाहून म्हणाले, “तुमच्या वस्तीतले चार पोरं बोलवा ना.”

त्या वाक्यात रागही नव्हता, अपमान करायचा हेतूही नसावा. पण मेलेली ढोरे ओढणे हे आपल्या लोकांच्या मानेवर किती पिढ्या लादले गेले, हे वाचकांना सांगायला नको. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत जनावराचे मांस सोडा असे सांगितले, आणि त्यानंतर गावोगावी लोकांनी मांसही सोडले आणि ओढणेही. त्या नकाराची किंमत बहिष्कारात आणि मारात मोजली गेली. शंभर वर्षे होत आली तरी ते काम कुणाचे, हे त्या बांधावर कुणालाही आठवून काढावे लागले नाही.

वडील म्हणाले, “मारणाऱ्यानंच ओढाव. मी माग काढला, माझा एक हात धरा. बाकीचे तीन तुमचे.”

कुणी पुढे आले नाही. वडील घरी निघून गेले. दुपारपर्यंत रोही तिथेच पडून होता, वर कावळे. शेवटी शेजाऱ्याने ट्रॅक्टर आणला आणि त्याच्या दोन मुलांनी दोर बांधला. वडिलांना बोलावणे पाठवले, तेव्हा ते आले आणि आपला हात त्यांनी लावला.

आमच्या रविवारच्या चर्चेत हा प्रश्न एकदाही निघाला नव्हता. मारावे की मारू नये, यावर तासभर बोललो. मारल्यानंतरचे काम कुणाच्या वाट्याला जाते, ते मात्र चर्चेबाहेर राहिले. आजोबांच्या वेळी मान आणि खूर वाट्याला येत. आता मांसच नाही, म्हणून नुसते ओढणे उरले. वडिलांना दोष द्यायचा तर तो शिकारीचा देता येईल. त्या सकाळी जे त्यांनी नाकारले, त्याबद्दल मुलीला आम्ही आठ दिवस सांगत होतो.

ग्रामसभेत वडिलांनी अर्ज दिला आहे. परवानगीच्या प्रत्येक अर्जासोबत जनावर उचलण्याची आणि पुरण्याची व्यवस्था लिहून द्यावी. ट्रॅक्टरचे भाडे ज्यांची ज्यांची शेते त्या शिवारात आहेत त्या सर्वांनी एकरांप्रमाणे भरावे. दोन जणांनी विरोध केला, सरपंचबाईंनी अर्ज दप्तरी घेतला. तोवर वडिलांनी शेताला झटका मशीनची तार ओढून घेतली. त्या तारेचे निम्मे पैसे आम्ही पाठवले, निम्मे त्यांनी हट्टाने स्वतः घातले. रोही आता पलीकडच्या बांधावरून फिरतात, म्हणजे शेजाऱ्याच्या तुरीत. त्याने माग काढायला पुन्हा विचारले आहे. अर्ज मंजूर होऊ दे, मग बघू, असे वडिलांनी त्याला कळवले.