लाल रेषेच्या हिशेबाला बसलेल्या वर्कर प्रोसेसना

चिखलोली, अंबरनाथ

प्रिय वर्कर प्रोसेसहो,

उल्हास नदीकाठी जागा बघायला गेलेला माणूस हल्ली एक प्रश्न हमखास विचारतो: लाल रेषेच्या आत आहे की बाहेर? पाटबंधारे खात्याच्या हिशेबात निळी पूररेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. शंभर वर्षांतून एकदा म्हटलं की ऐकणारा निर्धास्त होतो. खरा अर्थ मात्र एवढाच की दर वर्षी तो पूर येण्याची शक्यता १ टक्का आहे. बदलापुरात ३० वर्षांच्या कर्जावर घर घेतलं, तर हप्ते फिटेपर्यंत तो पूर एकदा तरी येण्याची शक्यता २६ टक्क्यांच्या आसपास जाते. निळ्या रेषेच्या पुराची तर ७१ टक्के.

हा आकडा इथे कुणाला पुस्तकी वाटत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा बदलापूरही बुडालं होतं. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवाशांना होड्यांतून बाहेर काढावं लागलं. आता अंबरनाथ आणि बदलापूरच्या मध्ये चिखलोली स्थानक व्हायचं आहे, त्याच्या आशेवर दोन्ही बाजूंना इमारती चढताहेत. म्हणून मी संख्याशास्त्र शिकवते तेव्हा उदाहरण पावसाचंच घेते, आणि तिथे तुमच्यावाचून, म्हणजे एका कामाचे तुकडे वाटून घेऊन एकाच वेळी करणाऱ्यांवाचून, चालत नाही.

प्रश्न असा असतो. समजा एका ठिकाणच्या ४० वर्षांच्या नोंदी आहेत. दर वर्षीचा सर्वांत मोठा एकदिवसीय पाऊस, असे ४० आकडे. त्यांवर टोकाच्या घटनांचं वितरण बसवून १०० वर्षांतून एकदा पडणाऱ्या पावसाचा अंदाज काढता येतो. पण तो एकच आकडा हाती देणं म्हणजे अर्धंच सांगणं. तो किती डळमळीत आहे, हेही सांगायला हवं. ब्रॅडली एफ्रॉन यांनी १९७९ मध्ये मांडलेली बूटस्ट्रॅप पद्धत इथे कामी येते: त्याच ४० आकड्यांतून, एकच आकडा पुन्हा उचलायची मुभा ठेवून, ४० आकड्यांचा नवा संच काढायचा, वितरण पुन्हा बसवायचं, अंदाज लिहून ठेवायचा. असं १० हजार वेळा केलं की त्या अंदाजांच्या पसाऱ्यातून खालची-वरची मर्यादा मिळते. एका फेरीचं दुसऱ्या फेरीवाचून काही अडत नाही, त्यामुळे वाटून घेण्यासारखं याहून चांगलं काम शोधून सापडणार नाही.

वाटून घेण्याची ही वाट महाराष्ट्राला नवी नाही. अमेरिकेकडून हवा तसा क्रे महासंगणक मिळेना, तेव्हा १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संगणक-संस्था उभी राहिली. अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे विजय भटकर तिचे प्रमुख झाले. एकच अवाढव्य प्रोसेसर बनवण्याचा नाद त्यांनी धरला नाही. ट्रान्सप्युटर नावाच्या बऱ्याच चिप एकमेकींना जोडून, काम त्यांच्यात वाटून १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला. पुण्याच्याच भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेत २०१८ मध्ये सुरू झालेल्या प्रत्यूष महासंगणकाने मान्सूनची गणितं याच तत्त्वावर केली. तुम्ही त्याच घराण्यातले. फरक इतकाच की तुम्ही चार कोअरच्या लॅपटॉपमध्ये, 'आर' या संख्याशास्त्राच्या संगणकीय भाषेच्या एका ओळीवर हजर होता. २०११ मध्ये 'पॅरलल' हे पॅकेज आरमध्येच समाविष्ट झालं आणि ही सोय कुठल्याही गावातल्या विद्यार्थ्याच्या हाती आली. मला याचं फार मोल वाटतं.

पण तुम्हाला बोलावलं म्हणजे काम झालं, असं माझे विद्यार्थी समजतात, आणि तिथेच मला थांबावं लागतं. विंडोजवर तुम्ही प्रत्येक जण आरचं एक स्वतंत्र, कोरं सत्र असता, मुख्य सत्राशी सॉकेटने जोडलेलं. नाक्यावरून आणलेल्या मजुराला पाटी-फावडं आपणच द्यावं लागतं, तसं तुम्हाला विदा, फंक्शन, पॅकेज सगळं पोचवावं लागतं. नाहीतर 'ऑब्जेक्ट सापडत नाही' एवढं सांगून तुम्ही हात वर करता. लिनक्सवर फोर्क करता येतो. तिथे तुम्ही मुख्य सत्राची स्मृती घेऊनच जन्मता आणि जे बदलाल त्याचीच वेगळी प्रत होते. विंडोजवर ही सवलत नाही. तिथे चार वर्कर म्हणजे विदेच्या चार प्रती, आणि मेमरी अपुरी असली की सगळं यंत्रच रांगायला लागतं.

किती जणांना बोलवायचं, हेही कोअर मोजून ठरत नाही. यंत्र आठ म्हणतं तेव्हा त्यातले प्रत्यक्ष कोअर चारच असू शकतात. शिवाय तुमच्यातला प्रत्येक जण आतल्या मॅट्रिक्सच्या गणितासाठी आणखी चार धागे (थ्रेड) उघडत असेल, तर चार कोअरवर सोळा जण चढतात आणि काम उलट रेंगाळतं. जीन अॅमडालचा १९६७ चा नियम तर आहेच. कामाचा १० टक्के भाग वाटता येत नसेल, तर चार वर्करनी वेग तिपटीच्या जरासा वर जातो, आणि वर्कर कितीही वाढवले तरी दहापट ओलांडत नाही.

हे सगळं वेगाचं झालं. माझा जीव अडकतो तो यादृच्छिक आकड्यांपाशी. तुम्ही चौघांनी एकाच सीडपासून, म्हणजे आकड्यांची माळ जिथून सुरू होते त्या एकाच आकड्यापासून, सुरुवात केलीत, तर चौघंही तेच २,५०० संच काढता. निकालात १० हजार ओळी दिसतात, आलेख गुळगुळीत येतो, कुठे एरर नाही. प्रत्यक्षात तेच अंदाज चार वेळा मोजलेले असतात. प्रोग्राम बंद पडला तर माणूस दुरुस्त तरी करतो. हा दोष कुणाच्या नजरेलाच येत नाही. सीड १, २, ३, ४ असे देऊन टाकणं हाही भरवशाचा मार्ग नव्हे, कारण त्या चार माळा एकमेकींत मिसळणार नाहीत याची हमी कुणी दिलेली नाही. पिएर लेक्युए यांनी बनवलेला यादृच्छिक आकड्यांचा जनक (जनरेटर) नेमका यासाठी आहे. त्याची माळ २ च्या १९१ व्या घाताइतकी लांब, आणि तुमच्या प्रत्येकाला तिच्यावर २ च्या १२७ व्या घाताइतक्या अंतरावरची जागा मिळते. आरमध्ये ती एका ओळीत नेमून देता येते. ती ओळ मी ऐच्छिक मानत नाही. मात्र वर्करची संख्या बदलली की निकालही थोडा बदलतो, आणि जो मोकळा होईल त्याला पुढचं काम देत गेलं, तर तोच निकाल पुन्हा येईलच असं नाही. म्हणून फेऱ्या आधीच नेमून द्याव्यात, किंवा माळ वर्करला न देता प्रत्येक फेरीला द्यावी.

आणखी एक गोष्ट तुमच्या हातात नाही. नोंदी ४० वर्षांच्या असतील तर तुम्ही चारशे जण आलात तरी एकेचाळिसावं वर्ष उगवत नाही. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार! त्या ४० वर्षांत २००५ सारखा एक दिवस असला की वरची मर्यादा कुठच्या कुठे जाते, नसला की खाली येते. तुम्ही ते डळमळणं प्रामाणिकपणे दाखवता, आणि तेवढंच मला हवं आहे. ते लपवून एकच रेष आखणाऱ्यापेक्षा रुंद पट्टा दाखवणारा हिशेब मी कधीही पत्करेन, मग बिल्डर काहीही म्हणोत.

तेव्हा माझी मागणी तुमच्याकडे आणि तुम्हाला कामाला लावणाऱ्यांकडेही आहे. नदीकाठच्या पावसाचा किंवा पुराचा असा अंदाज कुठल्याही अहवालात छापला जाईल, तेव्हा त्याच्याशेजारी खालची-वरची मर्यादा असावी, नोंदी किती वर्षांच्या ते असावं, आणि फेऱ्या किती, वर्कर किती, सीड कोणतं, हेही असावं. म्हणजे अंबरनाथच्या एखाद्या महाविद्यालयातली मुलगी तोच हिशेब स्वतःच्या लॅपटॉपवर करून बघेल आणि जुळला नाही तर विचारेल. काम संपल्यावर क्लस्टर, म्हणजे तुमचा गट, बंद करायला मी तिला शिकवलेलं आहे. तुम्ही मागे उगाच मेमरी अडवून बसणार नाही.

तुमची,
चिखलोलीची एक संख्याशास्त्राची शिक्षिका