जार होती, कट जळला होता

इंटरव्ह्यू पॅनलवर बसलो की एक प्रश्न मी हमखास टाकायचो. 'क्लास लोड होणं आणि ऑब्जेक्ट तयार होणं, यात फरक काय?' समोरचा बिचारा घाम पुसत 'सर, क्लास म्हणजे ब्ल्यूप्रिंट आणि ऑब्जेक्ट म्हणजे घर' हे पाठ केलेलं म्हणून दाखवायचा. मी कॉलर टाइट करून मान डोलवायचो. आठ वर्षं जावा केल्यावर एवढा माज चालतो, असं वाटायचं. एका शुक्रवारी रात्री तो उतरला.

रिलीज होती. रात्री अकराला आम्ही नवा कोड चढवून सर्व्हर सुरू केला, नेमकं तेव्हाच डेटाबेसवाल्यांचं पाच मिनिटांचं मेंटेनन्स. त्यांचा डेटाबेस वेळेत परत आला. आमचं ॲप्लिकेशन मात्र बिलाचं पान उघडलं की आडवं! लॉगच्या शेपटाला एकच रडगाणं: 'नो क्लास डेफ फाउंड एरर'. म्हणजे क्लास सापडत नाही, म्हणजे जार फाइल टाकायची राहिली. आणि जार टाकायचं काम होतं टीममधल्या सगळ्यात नव्या मुलीकडे. लातूरहून आलेली, सहा महिन्यांची नोकरी, प्रोबेशन अजून संपायचं होतं.

"सर, जार टाकलीये. उघडून बघितली, आत क्लासपण आहे."

"मग काय जेव्हीएम खोटं बोलतंय?" मी म्हणालो. कॉलवर क्लायंट होता, मॅनेजर होता.

जार पुन्हा टाकायला लावली, सर्व्हर रीस्टार्ट केला, पान उघडलं. "बघ!" घरी निघताना मेलही ठोकला, की डिप्लॉयमेंटमधल्या चुकीमुळे चाळीस मिनिटं गेली. नाव घातलं नाही. पण डिप्लॉयमेंट कोणी केलं, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

सोमवारी ती प्रिंटआउट घेऊन माझ्या डेस्कशी उभी. तिनं लॉग वरून वाचला होता, माझ्यासारखा शेपटाकडून नाही. 11 वाजून 2 मिनिटांनी, फक्त एकदाच, वेगळीच एरर: 'एक्सेप्शन इन इनिशियलायझर एरर'. खाली कारण, डेटाबेसशी कनेक्शन झालं नाही. हे ज्या स्टॅटिक ब्लॉकमध्ये घडलं, त्या फाइलच्या माथ्यावर लेखक म्हणून नाव माझं.

आता आपली मिसळ घ्या. हॉटेलवाला सकाळी सामान आणतो, निवडतो आणि मग कट चढवतो. एकदाच. क्लासचं तसंच. एक क्लासलोडर त्याची फाइल मेमरीत एकदाच आणतो, ती तपासली जाते, आणि पहिल्यांदा खरी गरज पडली की स्टॅटिक ब्लॉक चालतो, तोही एकदाच. (सामान आलं म्हणजे कट चढला असं नाही हं. त्या क्लासचा नुसता दहा जागांचा ॲरे केला, तर स्टॅटिक ब्लॉक चालतच नाही.) 'न्यू' म्हणजे एक प्लेट. दहा हजार वेळा म्हणा, दहा हजार प्लेटी. दर वेळी नवी जागा, दर वेळी कन्स्ट्रक्टर नव्यानं. एक प्लेट हातातून पडली तर पुढची मिळते.

पण कट जळला तर? पहिल्या गिऱ्हाइकाला खरं सांगतात, "साहेब, कट जळला." नंतरच्यांना नुसतं, "मिसळ नाही." जेव्हीएमही तेच करतं. स्टॅटिक ब्लॉक एकदा फसला की तो क्लास बाद. डेटाबेस परत येवो न येवो, पुन्हा प्रयत्न नाही. रीस्टार्ट म्हणजे नवा दिवस, नवा कट. त्यानं काम झालं, जार पुन्हा टाकल्यानं नाही. बरं, त्या दुसऱ्या एररपुढे स्पष्ट लिहिलेलं असतं, 'कुड नॉट इनिशियलाइज क्लास'. मी तिथपर्यंत वाचलंच नव्हतं. नव्या जावात त्या ओळीसोबत मूळ कारणही छापून येतं, पण आमचा सर्व्हर जावा 8 वर.

ही सवय मला लागली जेडीबीसीच्या जुन्या कोडमधून. तिथली 'क्लास डॉट फॉरनेम'ची ओळ आपण सगळ्यांनी कॉपी-पेस्ट केलीय. ऑब्जेक्ट न बनवता ड्रायव्हरचा क्लास जागा करायचा, त्याचा स्टॅटिक ब्लॉक स्वतःची नोंद करून टाकतो. 2006 च्या जावा 6 पासून तिची गरजही उरली नाही. पण 'स्टॅटिक ब्लॉकमध्ये काहीही कोंबावं' एवढाच धडा मी त्यातून घेतला होता!

दुपारी दुसरा मेल लिहिला. त्याच सगळ्यांना, तिचं नाव घालून आणि माझंही. पाठवायला पंचवीस मिनिटं लागली. मॅनेजरचं उत्तर एका शब्दाचं होतं, 'नोटेड'.

तो ब्लॉक तिनंच रिकामा केला. आता कनेक्शन लागेल तेव्हा पूलमधून मागतो, एकदा फसलं तरी पुढच्या रिक्वेस्टला पुन्हा प्रयत्न होतो. रिव्ह्यूला मी शेजारी बसलो होतो. स्क्रोल करता करता ती थांबली.

"सर, हा दुसरा स्टॅटिक ब्लॉकपण तुमचाच आहे ना?"