नऊ हजार, चौदा हजार

पगार किती मिळतो हे सहकाऱ्यांना सांगितलं, म्हणून एका मुलाला लेखी समज देण्यात आली. त्याने कुणाकडून पाकीट घेतलं नव्हतं, खोटी बातमी छापली नव्हती, कुणाशी भांडण केलं नव्हतं. चहाच्या टपरीवर स्वतःच्या पगाराचा आकडा सांगितला, एवढाच त्याचा गुन्हा. दहा वर्षं उलटून गेली, मी त्यानंतर दोन नोकऱ्या बदलल्या, तरी ते पत्र आठवलं की अजून अंगाचा तिळपापड होतो.

माझं मागचं-पुढचं थोडक्यात सांगते. लातूर जिल्ह्यातलं गाव, वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, पुण्यात पत्रकारितेचा अभ्यासक्रम. मराठी वर्तमानपत्रांतल्या जागा जाहिरात देऊन भरल्याचं मी फारसं पाहिलेलं नाही. आमच्या एका सरांनी फोन केला, ‘मुलगी चांगली आहे, भाषा शुद्ध आहे,’ म्हणाले, आणि मला चाचणीला बोलावलं. वृत्तसंस्थेच्या इंग्रजी बातमीचा अनुवाद, एका लांबलचक बातमीची दहा ओळींत काटछाट, तीन मथळे. मग मुलाखत. वाचन काय, गावाकडे पीक कुठलं, रात्रपाळी जमेल का. शेवटी निवासी संपादक म्हणाले, ‘सुरुवातीला नऊ देऊ, पुढचं पुढे बघू.’ मी हो म्हटलं. नारायण पेठेत कॉट बेसिसवर राहत होते. कॉटचं भाडं आणि मेसचे पैसे गेले की हातात जे उरायचं त्यात महिना काढायचा. पण पहिल्या पानाची बातमी आपल्या हाताखालून गेल्याचा आनंद इतका होता, की त्या दिवसांत मी गरीब आहे असं मला कधी वाटलं नाही.

माझ्या शेजारच्या संगणकावर जळगावकडचा एक मुलगा बसायचा. माझ्यानंतर काही महिन्यांनी लागलेला. दोघेही प्रशिक्षणार्थी उपसंपादक. जिल्ह्याच्या आवृत्तीची पानं आम्ही वाटून लावायचो. त्याची साप्ताहिक सुट्टी असली की त्याचं पान माझ्याकडे, माझी असली की माझं त्याच्याकडे. वार्ताहरांच्या बातम्या सारख्याच कच्च्या, वेळेची घाई सारखीच, चूक झाली तर बोलणीही सारखीच. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे मला ऐकवण्यात आलं की ‘कामाचं स्वरूप वेगळं असतं.’ ते वेगळं नव्हतं.

७ फेब्रुवारी २०१४. त्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाने मजिठिया वेतन मंडळाच्या शिफारशी वैध ठरवल्या. वर्तमानपत्रांच्या मालकांनी त्यांना आव्हान दिलं होतं, ते फेटाळलं गेलं. १९५५ च्या श्रमिक पत्रकार कायद्याखाली अशी वेतन मंडळं नेमली जात: पालेकर, बछावत, मणिसाना, आणि मग मजिठिया. मजिठियाच्या शिफारशी ११ नोव्हेंबर २०११ रोजी अधिसूचित झाल्या होत्या. तेव्हापासूनचा फरक एका वर्षात चार हप्त्यांत द्यावा आणि एप्रिल २०१४ पासून नवं वेतन सुरू करावं, असं न्यायालयाने सांगितलं. वृत्तसंस्थेची ही बातमी अनुवादाला माझ्याकडे आली, कारण त्या दिवशी देश-विदेशचं पान मी बघत होते. मी ती मन लावून लिहिली. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःविषयीची बातमी लिहीत होते. दुसऱ्या दिवशीच्या अंकात ती आतल्या पानावर, संक्षिप्तमध्ये, चार ओळींत होती. त्या चार ओळींत फरक किती, कधी, कुणाला, यातलं काहीही नव्हतं.

याच वर्तमानपत्राने २०१३ मध्ये प्राध्यापकांनी परीक्षांच्या कामावर बहिष्कार टाकला, तेव्हा सहाव्या वेतन आयोगाच्या थकबाकीचा हिशेब चौकटीत छापला होता. कुठल्या पदाला किती मिळतात, सगळं. अंगणवाडी सेविकांचं मानधन छापलं, कंत्राटी सफाई कामगारांचं छापलं. पुढे २०२१-२२ मध्ये एसटीचा संप चालला, तेव्हा नव्या चालकाला महिन्याला हातात काय पडतं हे आम्ही पोटतिडकीने लिहिलं, आणि ते लिहायलाच हवं होतं. माझ्या गावात तर पगार विचारणं म्हणजे ख्यालीखुशाली विचारण्याइतकं साधं. वडिलांचा पगार गावातल्या कुठल्याही शिक्षकाला तोंडपाठ असायचा, कारण वेतनश्रेणी ठरलेली. पारावरच्या माणसाला जे अवघड वाटत नाही, ते सगळ्या जगाचे पगार छापणाऱ्या आमच्या कचेरीत तोंडातून काढायची सोय नव्हती.

निकालाच्या रात्री बाहेरगावची डाक आवृत्ती सुटल्यावर आम्ही सहा-सात जण खाली टपरीवर उभे होतो. कुणीतरी म्हणालं, ‘मजिठिया लागू झाला तर आपल्याला किती मिळतील?’ कुणालाच माहीत नव्हतं, कारण आत्ता कुणाला किती मिळतात हेच माहीत नव्हतं. थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग जळगावकर म्हणाला, ‘मला चौदा.’ सरळ, कुठलाही आव न आणता. त्यानंतर एकेक जण बोलू लागला. साडेआठ. दहा. सात, हा वर्षभर ‘इंटर्न’ म्हणूनच काम करणारा मुलगा. अकरा वर्षं नोकरी झालेले एक काका म्हणाले, ‘सोळा,’ आणि पुढे काही बोलले नाहीत. मी म्हटलं, नऊ.

खरं सांगायचं तर त्या रात्री मला कंपनीचा राग आला नाही, त्या मुलाचा आला. पाच हजारांचा फरक. हा माझ्याहून चांगले मथळे देतो का? याला काय जास्त येतं? रूमवर जाईपर्यंत मी हेच घोळवत होते. दुसऱ्या दिवशी त्यालाच विचारलं. तो म्हणाला, ‘अगं, मी आधी धुळ्यात एका पेपरात होतो. तिथे दहा होते. यांनी मागच्या पगाराची चिठ्ठी मागितली आणि तिच्यावर चार वाढवून दिले. तुझ्याकडे चिठ्ठीच नव्हती.’ मग माझा राग गेला. म्हणजे माझा पगार माझ्या कामावर ठरलाच नव्हता. मागची नोकरी नव्हती, म्हणून जो सगळ्यात खालचा आकडा तो मिळाला होता.

मी निवासी संपादकांकडे गेले. त्या मुलाचं नाव घेतलं नाही, फक्त आकडा सांगितला. म्हटलं, सर, सारख्या कामाला सारखा पगार मिळावा. त्यांनी एकच प्रश्न विचारला: ‘तुला कोणी सांगितलं?’ मी म्हटलं, कुणी सांगितलं याचा काय संबंध, आकडा खरा आहे का ते सांगा. ते गप्प राहिले. मग म्हणाले, ‘तू लिहितेस चांगली. या भानगडीत पडू नकोस.’ तिथेच विषय संपला असं मला वाटलं.

विषय संपला नव्हता. त्या विभागात चौदा हजार घेणारा प्रशिक्षणार्थी एकच होता, त्यामुळे नाव शोधायला एचआरला काही कष्ट पडले नाहीत. आठवड्याभरात त्याला बोलावलं. नियुक्तीपत्राच्या मागच्या पानावर बारीक अक्षरांत एक कलम होतं: वेतनविषयक माहिती गोपनीय राहील. ते आम्ही सगळ्यांनी सही करताना वाचलेलं होतं आणि कुणालाही त्याचा अर्थ विचारावासा वाटला नव्हता. त्याच्या हातात समजपत्र देण्यात आलं आणि त्याचा प्रोबेशनचा काळ वाढवण्यात आला. माझ्या पगारात मात्र पुढच्या महिन्यापासून दोन हजारांची वाढ झाली. दोन्ही निर्णय एकाच माणसाच्या सहीने. ज्याने खरं सांगितलं त्याला शिक्षा आणि जिने विचारलं तिला बक्षीस, म्हणजे उरलेल्यांनी काय समजायचं ते समजावं. ते समजलेही. त्यानंतर टपरीवर पगाराचा विषय निघाला नाही. सोळा हजारवाले काका तर आमच्यात उभे राहायचेच बंद झाले.

त्याने ते पत्र मला दाखवलं तेव्हा तो रागावलेला नव्हता. उलट मला म्हणाला, ‘तुला दोन वाढले ना, मग झालं.’ मला हे आजही सहन होत नाही. त्याने आरडाओरडा केला असता, मला चार शब्द सुनावले असते, तर बरं झालं असतं. पुढच्या दिवाळीआधी त्याने नोकरी सोडली. आता एका सहकारी साखर कारखान्याच्या कचेरीत आहे, सुखी आहे. मराठी वर्तमानपत्राला गावागावांची नावं, माणसं, बोली ठाऊक असलेला एक उत्तम उपसंपादक कायमचा गमवावा लागला, आणि त्याचं कुणालाही दुःख झालं नाही.

निवासी संपादकांविषयी मी बरीच वर्षं कडवट बोलायचे. पुढे कळलं की माझी वाढ त्यांनीच वरच्यांशी भांडून मिळवली होती आणि त्या मुलाचं पत्र थांबवणं त्यांच्या हातात नव्हतं. त्यांचा स्वतःचा पगार तर कितीतरी वर्षं वाढलेला नव्हता. हे ऐकून माझं मन त्यांच्याबाबतीत थोडं निवळलं. पण सही त्यांचीच होती.

मजिठियाचं पुढे काय झालं ते अनेकांना माहीत नसतं. बऱ्याच ठिकाणी कर्मचाऱ्यांकडून ‘आम्हाला जुनंच वेतन मान्य आहे’ असं लिहून घेण्यात आलं. अवमान याचिका झाल्या. १९ जून २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कायद्याने दिलेल्या किमान वेतनावर असं पाणी सोडता येत नाही आणि कंत्राटावरचे पत्रकारही त्यात येतात. पण मालकांनी जाणूनबुजून अवमान केला असं मात्र ठरलं नाही. ज्याला पैसे हवेत त्याने कामगार खात्याकडे अर्ज करावा. म्हणजे प्रत्येकाने एकट्याने, आपल्या नावानिशी, ज्यांच्याकडे नोकरी करतो त्यांच्याविरुद्ध. असे अर्ज केलेल्यांना बदल्या आणि राजीनामे कसे वाट्याला आले, हे आमच्या क्षेत्रात कुणाला सांगायची गरज नाही.

आणि १९५५ च्या त्या कायद्यातल्या साध्या गोष्टी तरी कुठे पाळल्या गेल्या? चार आठवड्यांत १४४ तासांहून जास्त काम नाही. उपसंपादकाला काढायचं तर तीन महिन्यांची नोटीस. आमच्या नियुक्तीपत्रात एक महिना लिहिलेला होता.

नव्या मुलांना मी काही गोष्टी सांगते. मागचा पगार विचारला तर ‘या पदासाठी तुम्ही काय ठरवलं आहे’ हे उलट विचारा. पहिल्या नोकरीचा आकडा फार वर्षं पाठ सोडत नाही. दरवर्षीची टक्केवारीची वाढ त्याच आकड्यावर बसते, पुढची नोकरीही त्याच्यावरच बोली लावते. सीटीसी ऐकून हुरळू नका, त्यात मालकाचा पीएफचा वाटा धरलेला असतो. हातात किती पडणार, ते विचारा. तालुक्याला वार्ताहर म्हणून काम करणार असाल, तर वर्धापनदिनाच्या पुरवणीसाठी किती जाहिराती आणायच्या हे आधीच विचारा, कारण ओळखपत्र देताना ते सांगत नाहीत आणि नंतर ज्याच्याविरुद्ध बातमी लिहायची त्याच्याच दारात शुभेच्छांच्या जाहिरातीसाठी उभं राहावं लागतं. आणि इंग्रजी पेपरातल्या मित्राला त्याचा पगार विचारा. त्याच पत्रकार परिषदेला, त्याच खुर्चीवर बसून त्याला किती मिळतात ते ऐकून घ्या.

सगळ्यांनी आपापले आकडे एका कागदावर लिहून भिंतीला लावावेत, असं मी बरीच वर्षं तावातावाने म्हणत असे. आता मी प्रोबेशनवरच्या मुलांना सांगते, तू आधी बोलू नकोस. ज्यांची नोकरी पक्की आहे, ज्यांचं घर झालंय, ज्यांना काढायला कंपनीला चार वेळा विचार करावा लागेल, त्यांनी आधी बोलावं. हे सांगताना मला बरं वाटत नाही. कारण त्या रात्री मोठे बोलतील म्हणून वाट बघत राहिलो असतो, तर आमच्यातलं कुणीच बोललं नसतं. प्रोबेशनवरचा मुलगाच पहिला बोलला होता. दोन्ही गोष्टी मला एकाच वेळी खऱ्या वाटतात आणि त्यांचा मेळ मला घालता येत नाही.

अलीकडेच बीडकडच्या एका मुलीचा फोन आला. ‘ताई, एका न्यूज पोर्टलला सिलेक्शन झालंय, पण पगाराचं विचारलं तर वाईट दिसेल का?’ मी आधी माझा पगार तिला सांगितला, पीएफ कापून हातात येतो तो. ती एकदम गप्प झाली. मोठ्या माणसाने असं सांगावं याची तिला सवय नव्हती. मग तिने विचारायचं ठरवलं, आणि त्यांनी पंधरा सांगितले. दिवसाला वीस बातम्या, आठवड्याला दोन व्हिडिओ.

१९५५ चा कायदा छापील वर्तमानपत्रांपुरता होता. नव्या श्रमसंहितेत पत्रकाराच्या व्याख्येत टीव्ही आणि डिजिटल माध्यमंही धरली आहेत, आणि प्रत्येक कर्मचाऱ्याला नियुक्तीपत्र देणं बंधनकारक केलं आहे. हे मी तिला समजावून सांगितलं, कलम शोधून पाठवलं, नियुक्तीपत्र हातात पडल्याशिवाय कॉट बुक करू नकोस असंही सांगितलं. ती पुण्याला आली, कामाला लागली. नियुक्तीपत्र तिला अजून मिळालेलं नाही.