औंधची चित्रे आणि आईची वाकळ

सातारा जिल्ह्यातील खटाव तालुका हा तसा कोरडा मुलूख. पावसाची कृपा बेताची, माळराने विस्तीर्ण आणि माणसे कष्टाळू. अशा मुलखात कलेचे एखादे भांडार असेल, ही कल्पना परक्या माणसाच्या मनात सहसा येणार नाही. परंतु औंध गावी, यमाईच्या डोंगराच्या अर्ध्या वाटेवर, श्री भवानी चित्रसंग्रहालयाची वास्तू उभी आहे. राजा रविवर्मा आणि धुरंधर यांच्या चित्रांपासून हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराच्या ‘माता आणि बालक’ या शिल्पापर्यंत मोलाचा ठेवा तेथे जपलेला आहे.

औंध संस्थानचे अधिपती भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी यांनी १९३८ साली हे संग्रहालय उभारले. ते स्वतः चित्रकार होते, कीर्तनकार होते. रामायणाची कथा त्यांनी आपल्या कुंचल्याने चितारली. १९३९ साली आपल्या हातची सत्ता त्यांनी प्रजेच्या स्वाधीन केली, ही गोष्ट तर इतिहासात नोंदली गेली आहे. त्यांचे संस्थान अवघ्या बहात्तर गावांचे, आणि तीही सलग नव्हेत. काही औंधभोवती, काही आज सांगली जिल्ह्यात असलेल्या आटपाडी आणि कुंडल या भागांत, तर काही दूर विजापूरकडे गुणदाळला. नकाशावर ते संस्थान पाहिले की मला नेहमी वाकळेची आठवण होते. निरनिराळ्या ठिकाणचे तुकडे, पण दोरा एकच.

माझे माहेर खटाव तालुक्यातले आणि सासर सांगलीचे. त्यामुळे औंध ही माझ्या दोन्ही घरांच्या वाटेवरची जागा आहे. आजवर तेथे अनेकदा जाणे झाले. प्रत्येक खेपेला एखाद्या चित्रापुढे पाऊल थबकते. रविवर्म्यांनी रंगविलेल्या वस्त्रांचे काठ, त्यांच्या चुण्या, जरीवर पडलेला उजेड पाहिला की वाटते, हा कापूस आणि हे रेशीम हाताला लागेल. मागील खेपेला मात्र मनात वेगळाच विचार आला. ही रंगातली लुगडी इतक्या आदराने जपली जातात, त्यांच्या खाली चित्रकाराचे नाव असते. पण खरी लुगडी फाटल्यावर ज्या हातांनी त्यांचे दुसरे रूप घडविले, त्या हातांची नोंद कोठे असेल? हा प्रश्न आमच्या घरात त्या वर्षी अगदी प्रत्यक्ष उभा राहिला होता. आई देवाघरी गेली होती आणि तिच्या मागे तिच्या हातची एकच वाकळ उरली होती.

आमच्या भागात गोधडीला वाकळ म्हणतात. पाडवा झाला, शेतातली सुगी घरात आली, की वाकळा शिवण्याचे दिवस येत. पाऊस सुरू होण्यापूर्वी काम हातावेगळे करावे लागे, कारण पावसाळ्यात भिजलेली वाकळ वाळता वाळत नाही. वर्षभर जमविलेल्या चिंध्या, जुनी धोतरे, सदरे, लुगडी धुऊन स्वच्छ केली जात. सारवलेल्या जमिनीवर एक सबंध नऊवारी लुगडे ताणून अंथरायचे, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवायचे, त्यावर जुन्या कपड्यांचे थर हाताने सपाट करीत पसरायचे आणि वरून दुसरे लुगडे घालायचे. आधी लांब कच्चे टाके घालून सगळे थर जागच्या जागी धरून ठेवायचे आणि मग खरे काम सुरू व्हायचे. कडेपासून निघून चारी बाजूंनी फेर धरीत, धावदोऱ्याच्या ओळींमागून ओळी घालीत मध्यापर्यंत जायचे. शेजारच्या बाया येऊन चार बाजूंना बसत. सुई चाले तशा गोष्टीही चालत.

हे टाके केवळ शोभेसाठी नसतात. टाका जवळ नसेल तर आतली चिंधी धुण्यात गोळा होते आणि वाकळ एकीकडे जाड, एकीकडे पोकळ होते. टाका ओढला की कापडावर बारीक लाट उमटते आणि थरांच्या मध्ये हवा अडकून राहते. त्या अडकलेल्या हवेनेच माणसाला ऊब मिळते. खटाव-माणच्या थंडीत ज्यांनी जमिनीवर झोपून रात्री काढल्या, त्यांना याचे मोल वेगळे सांगावयास नको. सौंदर्य आणि उपयोग यांची फारकत त्या बायांना ठाऊकच नव्हती. लाल तुकड्याशेजारी हिरवा ठेवावा की निळा, यावर त्या मिनिटभर थांबत, मान तिरपी करून पाहत आणि मग सुई टोचीत. चित्रकार कुंचला उचलण्यापूर्वी थांबतो, तो यापेक्षा निराळा का असेल?

आईची वाकळ मला पुस्तकासारखी वाचता येते. एका कोपऱ्यात वडिलांच्या रेघांच्या सदऱ्याचा तुकडा आहे. मधोमध माझ्या प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या पांढऱ्या झग्याची पट्टी आहे. तिचा रंग आता साईसारखा झाला आहे. धाकट्या बहिणीचे दुपटे आहे. आमच्या गावी येणाऱ्या एका वृद्ध फादरांनी आपला विटलेला झगा ‘बाई, पुसायला होईल’ म्हणून आईला दिला होता. आईने तो पुसायला न घेता वाकळेच्या काठाला लावला. चर्चच्या नोंदवहीत आमचे स्नानसंस्कार आणि विवाह लिहिलेले आहेत. त्या नोंदींच्या मधली सारी वर्षे या वाकळेत आहेत.

घर आवरताना प्रश्न निघाला, वाकळ कोणाकडे जावी? भावंडे चार आणि वाकळ एक. वहिनींचे मत पडले की, पाठ इतकी विरली आहे, तिला बोहारणीकडे देण्यात अर्थ नाही आणि ठेवण्यातही नाही. धाकट्या भावाला ती काचेच्या चौकटीत बसवून दिवाणखान्यात लावायची होती. दादा म्हणाले, ‘चार सारखे तुकडे करू. प्रत्येकाच्या घरी आई राहील.’ हे बोलणे सर्वांच्या मनाला पटले. बहिणीने कात्रीही आणली. पण कापायचे कोठून, हे पाहण्यासाठी आम्ही वाकळ जमिनीवर पसरली आणि टाक्यांच्या ओळीवरून बोट फिरवू लागलो, तेव्हा ध्यानात आले की ओळ कोठे संपतच नाही. कडेला सुरू झालेला दोरा फेर घेत घेत आत जातो. एक संपला तेथे दुसरा त्याला गाठ मारून पुढे निघतो. मध्ये कोठेही कात्री लावली तरी सगळेच उसवणार. आईने हे काही आमच्यासाठी म्हणून केलेले नव्हते. वाकळेची रीतच ती. पण कात्री दादांनी आपल्या हातानेच बाजूला ठेवली.

आणखी एक गोष्ट त्याच दुपारी घडली. विरलेल्या पाठीच्या एका फाटक्या जागेतून आत पाहिले तेव्हा आत चिंध्यांचे थर नव्हते. आत दुसरीच एक वाकळ होती. तिचा टाका आईच्या टाक्याहून लांब, दोरा जाड आणि कापड निळीत रंगविलेले. आमच्या आत्या त्या वेळी हयात होत्या. त्यांनी त्या कापडावर हात ठेवला आणि म्हणाल्या, ‘ही माझ्या आईची.’ वाकळ जीर्ण झाली की तिला टाकून न देता तिच्यावर नवे लुगडे चढवून पुन्हा शिवतात, हे मी ऐकून होते. पण आपण इतकी वर्षे आजीच्या हातची ऊब घेत होतो, हे आम्हा कोणालाच माहीत नव्हते.

जग अशा वस्तूंना अगदीच विसरले आहे असे नाही. सतराव्या शतकात बंगालमधील सातगावच्या कारागिरांनी पोर्तुगीजांसाठी मोठाली पांघरुणे भरली. पांढऱ्या सुती कापडावर पिवळ्या रानरेशमाच्या धाग्याने काढलेल्या त्या चित्रांत कधीकधी शलमोन राजाच्या न्यायदानाचा प्रसंगही असे. तशी पांघरुणे लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. त्याच संग्रहालयातून २०२४ च्या जुलैत वाघनखे साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात पाहण्यासाठी आली. पुण्याला काकासाहेब केळकरांनी सुपारीचे अडकित्ते, दिवे, लामणदिवे, भांडी अशा घरगुती वस्तू जन्मभर गोळा केल्या आणि अकाली गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने संग्रहालय उभे केले. आमच्या सांगलीशेजारी मिरजेत शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांतील फरीदसाहेबांनी तंतुवाद्ये घडविण्यास आरंभ केला, आणि २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. तलवार जपली जाते, सतार नावाने ओळखली जाते, अडकित्त्यालाही जागा मिळते. वाकळ मात्र पांघरता पांघरताच झिजून जाते आणि तिच्याबरोबर शिवणारीचे नावही जाते.

प्रेषितांची कृत्ये या ग्रंथात यापो नगरातील टबीथेची हकिकत आहे. ती मरण पावली तेव्हा संत पेत्राभोवती विधवा स्त्रिया रडत उभ्या राहिल्या आणि तिने शिवलेली वस्त्रे त्याला दाखवू लागल्या. तिच्याविषयी भाषण कोणी केले नाही. तिच्या हातचे काम पुढे धरले, तेवढेच पुरे झाले. मला तो प्रसंग एका प्रदर्शनासारखा वाटतो. तेथे काचेच्या पेट्या नव्हत्या, परंतु पाहणाऱ्यांना शिवणारीचे नाव ठाऊक होते.

आम्ही भावंडांनी शेवटी असे ठरविले की, वाकळ कापायची नाही, काचेतही कोंडायची नाही. प्रत्येकाच्या घरी ती एकेक वर्ष राहील. विरलेल्या पाठीवर मी माझे एक सुती नऊवारी चढविले. टाका माझा आईइतका बारीक पडत नाही, पण ओळ कडेपासूनच सुरू केली. काठाला आतल्या बाजूने पांढऱ्या कापडाची एक पट्टी लावून तिच्यावर दोऱ्याने आजीचे आणि आईचे नाव घातले. वहिनींनीच ती अक्षरे भरली. खाली बरीच जागा मोकळी ठेवली आहे.

वाचकहो, औंधला अवश्य जावे. मुलांना न्यावे, चित्रांपुढे त्यांना उभे करावे आणि नावे वाचावयास लावावे. मात्र परत आल्यावर घरातली पेटी उघडून एखादी वाकळ, एखादे दुपटे, क्रोशाचा एखादा रुमाल बाहेर काढावा आणि तो कोणाच्या हातचा, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून घ्यावे. त्यासाठी फार मोठी व्यवस्था लागत नाही. सुई, दोरा आणि बोटभर पांढरे कापड पुरते. विचारण्याजोगी माणसे घरात आहेत तोवर मात्र हे काम उरकले पाहिजे.