लेण्यांच्या मागचं गाव

आमच्या शेजारच्या वहिनींच्या धाकटीला घारापुरीचं स्थळ सांगून आलं, तेव्हा आमच्या मजल्यावर दोन दिवस दुसरा विषय नव्हता. ‘घारापुरी म्हणजे एलिफंटाच ना? तिथं माणसं राहतात होय?’ असं तळमजल्यावरच्या काकूंनी विचारलं, आणि खरं सांगते, मैत्रिणींनो, मलाही मनातून तोच प्रश्न पडला होता.

वास्तविक मी घारापुरीला गेलेली होते. १९८५ साली, लग्नाला तीन महिने झाले होते तेव्हा, आमचे हे मला गेटवेवरून लाँचने घेऊन गेले. पायऱ्या चढलो, त्रिमूर्तीपुढे फोटो काढला, खाली येऊन मीठ-तिखट लावलेली काकडी खाल्ली, कागदाच्या पुडीतून चिंचा घेतल्या आणि चारच्या लाँचने परत. ज्या बाईने चिंचा दिल्या ती संध्याकाळी कुठल्या घरी जाते, चूल कशी पेटवते, पाणी कुठून आणते, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही. नव्या नवरीच्या डोक्यात दुसरंच काहीतरी असतं म्हणा!

वहिनी उरणकडच्या, आगरी. त्यांना बेट म्हणजे काही नवलाई नव्हती. पण मुलगी बी.कॉम. झालेली, पनवेलला एका ऑफिसात नोकरीला. मुलगा पर्यटकांच्या लाँचवर. त्यातून १८ डिसेंबर २०२४ ची ती घटना ताजी होती. घारापुरीकडे निघालेल्या प्रवासी बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली आणि पंधरा जणांचे प्राण गेले. टीव्हीवर ते पाहिल्यापासून वहिनींनी हाय खाल्ली होती. ‘स्थळ चांगलं आहे हो, पण घर बघायला तुम्ही चला बरोबर. तुम्ही नीट विचाराल,’ म्हणाल्या. मी काय, एका पायावर तयार.

२०२५ च्या फेब्रुवारीतला, महाशिवरात्रीच्या आधीचा रविवार. आम्ही न्हाव्याहून मुलाकडच्याच छोट्या होडीने निघालो. होडीत बसल्याबरोबर मुलाच्या मामांनी नारिंगी लाइफ जॅकेट पुढे केली. वहिनींनी दोन्ही हातांनी ते घट्ट धरलं, घातलं मात्र नाही. पदर चुरगळेल म्हणून! शेवटी मुलीनेच आईला दटावून घालायला लावलं.

एका बाजूला न्हावा-शेव्याच्या बंदराच्या उंचच उंच क्रेन, दुसरीकडे जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेला अटल सेतू. शिवडीपासून न्हावा-शेव्यापर्यंत जवळजवळ बावीस किलोमीटर पूल बांधला, आणि हाकेच्या अंतरावरच्या ह्या बेटावर जायला मात्र अजूनही होडीच.

बेटावर तीन गावं आहेत: शेतबंदर, मोराबंदर आणि राजबंदर. तालुका उरण, जिल्हा रायगड. तिन्ही गावं मिळून हजार-बाराशेच्या आसपास वस्ती, बहुतेक आगरी-कोळी. पर्यटकांच्या लाँची लागतात तो शेतबंदरकडचा धक्का, तिथून छोटी आगगाडी आणि मग दुकानांच्या रांगांमधून पायऱ्या. आपण सगळ्या हेच बघून येतो. आमचं जायचं घर होतं राजबंदरला, बेटाच्या दक्षिण टोकाशी.

आणि गंमत म्हणजे जुन्या काळी बेटाचा पुढचा दरवाजा हा राजबंदरचा. १५३४ साली गुजरातच्या सुलतानाकडून हा मुलूख पोर्तुगीजांच्या हाती गेला. ते उतरले तिथं त्यांना एका अखंड दगडातला हत्ती उभा दिसला, म्हणून त्यांनी बेटाचं नावच एलिफंटा ठेवून दिलं. गावकरी मात्र तेव्हाही घारापुरीच म्हणत आणि आजही तेच म्हणतात. त्या हत्तीची पुढची कथा ऐकाल तर हसाल. १८१४ मध्ये त्याची मान तुटून पडली. पुढे १८६४ मध्ये साहेबाने त्याला विलायतेला न्यायचा घाट घातला, तर उचलताना तो खाली पडून तुकडे तुकडे झाला. ते तुकडे मुंबईला नेले, पुढे जोडले, आणि आता तो भायखळ्याला राणीच्या बागेत, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. ज्याच्यावरून बेटाला नाव पडलं तो बेटावर नाहीच! मुलाच्या आजी म्हणाल्या, ‘आमचा हत्ती सासरी गेला तो परत माहेराला आयलाच नाय.’

घर चांगलं होतं. पुढे ओटी, शेणाने सारवलेलं अंगण, दारात शेवग्याचं झाड, मागे चिंच. आत आल्यावर माझं लक्ष आधी गेलं ते स्वयंपाकघरात. मिक्सर, फ्रिज, भिंतीवर टीव्ही. तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? मीही तेच म्हटलं असतं. पण मुलाच्या आईने फ्रिजवर हात ठेवला तो एखाद्या वासराच्या पाठीवर ठेवावा तसा.

ह्या बेटावर वीज आली फेब्रुवारी २०१८ मध्ये. हो, दोन हजार अठरा! समुद्राखालून साडेसात किलोमीटर केबल टाकली, सुमारे पंचवीस कोटी रुपये खर्च झाला, तेव्हा कुठे दिवे लागले. स्वातंत्र्याला सत्तर वर्षं उलटून गेली होती. तोवर संध्याकाळी जनरेटर चाले, तोही काही तास.

‘सात वाजता मसीन लागायची, दहा-साडेदहाला बंद,’ त्या सांगत होत्या. ‘त्येवढ्या वेळात पोरांचा अभ्यास, भाकऱ्या, जेवनं, सगलं. मंग कंदील. नि समोर बघा तर ममय!’ त्यांनी ओटीवरून हात केला. खाडीपलीकडे दिवसाही मुंबईच्या इमारती दिसत होत्या. रात्री ती अख्खी लखलखती मुंबई समोर, आणि आपण कंदिलाची काच राखेने पुसत बसलोय. ह्या बाईने तीस वर्षं ते पाहिलं. पहिल्या रात्री बल्ब लागला तेव्हा सासूबाईंनी त्याला हळदकुंकू वाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी घरातला पाटा-वरवंटा उचलून मागच्या पडवीत ठेवला.

फ्रिजचं कौतुक का, तेही कळलं. पूर्वी मासळी आली की त्याच दिवशी विकायची, खायची, नाहीतर वाळवायची. उरलेलं कालवण रात्री पुन्हा उकळून ठेवायचं. पर्यटकांसाठी थंड पाण्याच्या बाटल्या ठेवायच्या तर बर्फ समुद्रापलीकडून आणायचा. येईपर्यंत निम्मा पाणी झालेला. आता दुकानातल्या बायकांचं हे काम तरी हलकं झालं. जेवायला तांदळाची भाकरी, सुक्या बोंबलांचं कालवण आणि मिठाच्या पाण्यात मुरवलेल्या कैऱ्या होत्या. त्या कैऱ्यांची कृती मी मागून घेतली. कैऱ्या न चिरता, देठ थोडा ठेवून, कोरड्या पुसून बरणीत भरायच्या आणि उकळून पूर्ण गार केलेलं मिठाचं पाणी वरपर्यंत ओतायचं. ‘कैरी पान्यावर आली का नासली,’ म्हणून वर दगड ठेवायचा, एवढंच त्यातलं गुपित.

जेवणानंतर पुरुष मंडळी ओटीवर बसली, आणि आम्ही बायका लेण्यांकडे निघालो. मुलाच्या आत्याचं तिथं वाटेवर दुकान आहे.

इथं थोडं सांगायला हवं, कारण बेटाची थोरवी काही पोर्तुगीजांपासून सुरू होत नाही. मोराबंदरच्या किनाऱ्यावर रोमन मद्यकुंभांचे तुकडे आणि क्षत्रपांची नाणी मिळाली आहेत. म्हणजे दूरदेशीच्या जहाजांची इथं ये-जा होती. पूर्वेकडच्या टेकडीवर विटांचा बौद्ध स्तूप आहे. कोकणच्या मौर्यांची पुरी नावाची राजधानी पुलकेशीने समुद्रातून जाऊन जिंकली, ती पुरी म्हणजे हीच, असं काही अभ्यासक मानतात. शंकराचं मोठं लेणं सहाव्या शतकातलं. १९८७ मध्ये त्याला जागतिक वारशाचा मान मिळाला. मान मिळाला आणि बंधनंही आली. जुन्या वास्तूंच्या आसपास बांधकामाचे नियम कडक असतात, पाहुण्या पर्यटकाला बेटावर रात्री राहता येत नाही. लेणी सोमवारी बंद. त्या दिवशी दुकानांचा गल्लाही बंद.

मोठ्या लेण्यात मी ह्या वेळी त्रिमूर्तीपुढे फार थांबले नाही. शिवपार्वतीच्या विवाहाचं शिल्प आहे ना, तिथं गेले. १९८५ मध्ये ते पाहिल्याचं मला आठवतसुद्धा नाही. पार्वती शंकराच्या उजव्या हाताला, मान थोडी खाली घातलेली, आणि तिला पुढे करणारा बाप मागे उभा. अंगं तुटलेली, पाय भंगलेले, पण त्या मानेचा झुकाव तेवढा जसाच्या तसा. वहिनी बराच वेळ त्या बापाकडेच बघत होत्या. मुलगी मात्र बाहेर आत्यापाशी उभी राहून काहीतरी विचारत होती.

काय विचारत होती, ते मी मग ऐकलं. ‘रात्री कुणी आजारी पडलं तर?’

आत्या काकड्या कापता कापता थांबली. बेटावर दवाखाना नाही, हॉस्पिटल तर नाहीच. रात्री होडी काढायची. तीही भरती असली तर. ओहोटीला काठाशी चिखल उघडा पडतो, होडी लागत नाही, माणसाला उचलून न्यावं लागतं. ‘माझ्या दोन्ही वेळेला मी आठव्या महिन्यातच पलीकडं भनीकडं जाऊन राह्यले. पावसाळ्यात समिंदराचा काय भरवसा गो बाय?’ ती म्हणाली. ‘तुला फसवून नाय सांगायची.’

मला ती बाई फार आवडली. स्थळ दाखवताना घरचे लोक रंगसफेदीच जास्त करतात. हिने ओल होती ती ओल दाखवली.

परत आलो तेव्हा मुलाच्या आईपाशी मीच विषय काढला. नीट विचारायचं म्हणूनच मला नेलं होतं ना? त्या जरा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, मुलाच्या बरोबरीची निम्मी पोरं आता बेटावर राहत नाहीत. कॉलेज पलीकडे, नोकऱ्या पलीकडे, डॉक्टर पलीकडे. सणाला येतात, शिवरात्रीला येतात. ‘आमी लाइटीची वाट बघत म्हातारी झालो. लाइट आयली, नि पोरं गेली.’ हे त्यांनी रागाने म्हटलं नाही. भाजी निवडता निवडता, आज बाजारात मेथी महाग होती असं सांगावं, तसं सांगितलं. मला मात्र घोटभर चहा खाली उतरेना.

मुलीने काय ठरवलं, हे तुम्हाला हवंच असणार. ती होडीत काही बोलली नाही. घरी आल्यावर आईला म्हणाली, मुलगा मला पसंत आहे, नोकरी सोडणार नाही. मग चार बैठका झाल्या, थोडे रुसवेफुगवे झाले. शेवटी असं ठरलं की दोघांनी उलव्याला भाड्याची खोली घ्यायची, आणि सुटी मिळेल तेव्हा बेटावर जायचं. सासूबाईंनीच हे सुचवलं असं नंतर कळलं. वहिनी आनंदाने रडल्या. मला राहून राहून तो फ्रिजवर ठेवलेला हात आठवत होता. आता त्या फ्रिजमधलं थंड पाणी रोज कोण पिणार?

लग्न मे महिन्यात, बेटावरच झालं. तो मुलाच्या आजींचा हट्ट. भटजींनी मुहूर्त काढून दिला, तर मुलाच्या मामांनी भरती-ओहोटीचं पत्रक पुढे ठेवलं. सकाळच्या मुहूर्ताला काठाशी चिखल! वऱ्हाड काय गुडघाभर गाळातून न्यायचं? मग भटजींना पुन्हा पंचांग उघडायला लावलं आणि भरतीबरोबर जुळणारा दुपारचा मुहूर्त धरला. आम्ही तीन होड्या भरून गेलो. वाजंत्री पहिल्या होडीत, रुखवत दुसरीत. फोटोत वहिनी सगळ्यांच्या मधोमध बसल्या आहेत, आणि हिरव्यागार शालूवर नारिंगी जॅकेट, ह्या वेळी न सांगता घातलेलं.